राणी कलरचं पाणी

दसरा झाला की लोअर परळच्या आमच्या फोटो रिटचिंगच्या गाळ्यात फक्त कॅलेंडरं चालतात. देव, सूर्यास्त, मरीन ड्राइव्हचा पाऊस, परत देव. त्यामुळे यंदा तपासणीची किट बनवणाऱ्या एका कंपनीने ‘गरम पाण्याचे झरे’ हा विषय दिला तेव्हा मी खूश झालो. बरीचशी पानं अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाची, काही इकडची तिकडची आणि एक आपल्या वज्रेश्वरीजवळच्या कुंडाचं.

मुखपृष्ठावर यलोस्टोनमधला ग्रँड प्रिझमॅटिक झरा. वरून काढलेला फोटो. मधे गर्द निळा डोळा, त्याला हिरवट कड, मग हळदी, मग शेंदरी आणि शेवटी वीटकरी होत जमिनीवर पसरलेल्या जिभा. साधारण 100 मीटर रुंदीचं तळं, आणि वर वाफ.

वाफेबद्दल जरा बोलू द्या. नवशिका असला की सरळ ‘डीहेझ’, म्हणजे धुकं काढायचा स्लायडर, ओढतो. सॉफ्टवेअरला वाफ आणि दिल्लीचं धुकं एकच. रंग उघडतात, पण वाफ गेली की पाणी गार वाटायला लागतं, रंगपंचमीच्या पिंपासारखं. मी वाफेचा मास्क, म्हणजे तिला वेगळं झाकून ठेवणारा आकार, हाताने काढला, पेन टॅबलेटवर, अडीच तास बसून. खालच्या पाण्याचा रंग वाफेवर चढतो. निळ्यावरची वाफ निळसर, शेंदरीवरची कोवळी केशरी. ती छटा तशीच ठेवून फक्त खालचं पाणी खुलवलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, आमच्या सरांच्याही नाही.

मग निळा. स्क्रीनवर डोळ्यात भरणारा निळा चार शाईंत उतरत नाही, जांभळट होतो. छापता न येणारे रंग दाखवणारी गॅमट वॉर्निंग लावली तर अर्धं तळं राखाडी. हे क्लाएंटला दरवर्षी सांगावं लागतं आणि दरवर्षी उत्तर तेच, ‘माझ्या मोबाइलवर तर मस्त दिसतंय.’

त्यात मार्केटिंगच्या मुलाचा मेसेज आला, ‘ऑरेंज थोडा आपल्या ब्रँडकडे नेता येईल का?’ कंपनीचा रंग राणी. दोन मिनिटांचं काम. ह्यू, म्हणजे रंगाची छटा, सरकवली, शेंदरी कड राणी कलरची झाली. दिसत छान होती, खोटं कशाला बोलू! लाकडी पुलावरची मुंगीएवढी माणसंही त्याच झटक्यात पुसली.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, गेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला तो त्यांच्या लॅबमधल्या एका मॅडमचा.

“दादा, यातला ऑरेंज कुठे गेला?”

मी ब्रँडचं सांगितलं.

“अहो, तो रंग नाही, ते तापमान आहे.”

मग त्यांनी शिकवणीच घेतली. मधलं पाणी इतकं तापलेलं की तिथे रंगीत जीवाणूंचा थर धरतच नाही, म्हणून तिथे नुसत्या खोल पाण्याचा निळा. कडेकडे पाणी निवत जातं. साधारण 74 अंशांना पिवळा थर धरतो, 65च्या आसपास शेंदरी, 55च्या पट्ट्यात वीटकरी. याच उद्यानातल्या दुसऱ्या एका झऱ्यातून थॉमस ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात थर्मस अक्वाटिकस नावाचा जीवाणू मिळवला. त्याचं एन्झाइम 95 अंशांची उष्णता सोसतं, म्हणून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ढीगभर प्रती काढायची पद्धत, इतकी सोपी झाली. “कोविडमध्ये तुमच्याही नाकात काडी गेली असेल ना? आमचं दुकान त्याच पाण्यावर चालतं, आणि तुम्ही ते गुलाबी केलंत.”

मार्केटिंगने हे लॅबला विचारलंच नव्हतं. एकाच इमारतीत बसतात म्हणे.

मीही अडून बसलो. म्हटलं, “मॅडम, मूळ रंग कोणता धरायचा? कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल उघडली तरी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कोणता धरायचा, ते मीच ठरवतो.” त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, तो रंग तसाही बदलतो. उन्हाळ्यात शेंदरी चढतो, हिवाळ्यात हरितद्रव्य वरचढ होतं आणि तीच कड काळपट हिरवी दिसते.

“म्हणजे हिरवी केली असती तर चाललं असतं?”

“जानेवारीच्या पानाला चाललं असतं,” म्हणाल्या आणि हसल्या.

शेंदरी परत आणला. पण जुलैचं पान डोक्यातून जात नाही. मॉर्निंग ग्लोरी पूल, हिरव्या डोळ्याभोवती पिवळी-केशरी कडी. सगळ्यात जास्त सॅच्युरेशन मी त्यालाच दिलं होतं. मॅडमनी जाता जाता सांगितलं की ते तळं पूर्वी निळं होतं. लोकांनी वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकला, झऱ्याचं तोंड चोंदलं, पाणी निवलं आणि कडेचे रंग आत सरकले. त्या पानावर रंग मी एकही बदललेला नव्हता, फक्त वाढवला होता. तिथे त्यांनी काही दुरुस्ती सुचवली नाही.

वज्रेश्वरीच्या पानालाही नाही. त्या फोटोत कठड्यावर एक ओला पंचा वाळत होता, साबणाचं वेष्टण पडलेलं आणि पाण्यात गळ्यापर्यंत बसलेले, डोळे मिटलेले एक आजोबा. पंचा आणि वेष्टण काढायला पाच मिनिटं लागली. आजोबांना वेळ लागला, त्यांच्याभोवतीची वलयं पुसता पुसत नव्हती.

ते पान तसंच छापायला गेलं.