काळ्या पडद्यावर नुसता पांढरा बाण

आमचं दुकान तहसील कचेरीसमोरच्या बोळात आहे. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन, आणि लग्नसराईत पत्रिका. मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी शटर वर केलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर चालू केला. पिन टाकला, ‘वेलकम’च्या वरचं टिंबांचं चक्र फिरलं आणि पडदा काळा झाला. बंद नाही झाला. काळ्या पाटीवर एक पांढरा बाण होता, माउस हलवला की हलत होता. ना फोल्डर, ना खालची पट्टी, ना वॉलपेपरवरचा आमचा गणपती.

दहा मिनिटं वाट पाहिली. बटण दाबून धरून बंद केला, परत चालू केला. असं तीनदा केलं आणि तिन्ही वेळा पांढऱ्या बाणापाशी येऊन थांबलो. दुपारी चारला एका पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं, चारशे प्रतींची ऑर्डर, आणि ती फाइल डेस्कटॉपवर. माझं सगळंच डेस्कटॉपवर असतं. शेवटचा बॅकअप फेब्रुवारीत घेतला होता. लिहायला लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला फोन लावला. ते म्हणाले, “ग्राफिक कार्ड गेलं असणार मॅडम, नाहीतर विंडोज करप्ट. फॉरमॅट मारून टाकू. संध्याकाळी येतो.”

माणूस भला आहे, दरही वाजवी लावतो. पण त्यांच्याकडे सर्दीपासून हाडमोडीपर्यंत एकच काढा, फॉरमॅट. त्यांचं काम दीड तासात होतं, माझं मात्र तिथून सुरू होतं. आमचा बारा वर्षांचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत आहे. त्यातला एक फॉन्ट जागेवर नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरच्या खुणा उमटतात. फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटर, कोरलड्रॉमधले माझे साचे हे सगळं पुन्हा बसवायला चार दिवस सहज जातात, आणि लग्नाची तिथी कुणासाठी थांबत नाही. त्यांना म्हटलं, “दादा, संध्याकाळपर्यंत जरा बघते. नाही जमलं तर फोन करते.”

बघते म्हटलं खरं, पण बघायचं काय ते कळेना. मग आधी काय काय जिवंत आहे ते मोजलं. पिन मागणारा पडदा नीट दिसत होता, म्हणजे मॉनिटर आणि केबल ठीक. बाण हलत होता. कॅप्स लॉक दाबला की कीबोर्डवरचा दिवा लागत होता, म्हणजे मशीन गोठलेलं नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन केला. त्याने आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायला लावली. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. बीप वाजला, पडदा क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा काळा. मग त्याने सांगितलं, “आत्या, कंट्रोल-अल्ट-डिलीट दाब.”

दाबलं. निळा पडदा आला! लॉक, स्विच युजर, साइन आउट, टास्क मॅनेजर, सगळं स्वच्छ दिसतंय. माझा जीव इथेच अर्धा भांड्यात पडला. ग्राफिक कार्ड गेलं असतं तर हा निळा पडदा तरी कुठून दिसला असता?

टास्क मॅनेजर उघडला. छोटी खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करावं लागतं, तेव्हा वरचा ‘फाइल’ मेनू दिसतो. त्यात ‘रन न्यू टास्क’. तिथे टाइप केलं, एक्सप्लोरर डॉट ईएक्सई. ओके दाबलं आणि गणपतीबाप्पा अवतरले. खाली पट्टी, वर माझा फोल्डरांचा उकिरडा. इतका सुंदर तो आधी कधी दिसला नव्हता.

भाच्याने सांगितलं ते असं. आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो, ती पट्टी, स्टार्टचं बटण, चिन्हं, ते सगळं दाखवतो एक्सप्लोरर नावाचा एकच प्रोग्राम. तो सुरू झाला नाही तर मागे विंडोज धडधाकट चालू असूनही समोर काळोखच. मग तो आपणहून सुरू का होत नाही, हा खरा प्रश्न. पण आधी मी काय केलं असेल, तर कपाटातली जादा हार्ड डिस्क काढून अख्खा डेस्कटॉप आणि फॉन्टांचा फोल्डर तिच्यावर उतरवला. पाऊण तास गेला. गिऱ्हाइकं दारात उभी होती, राहू दिली.

प्रूफ चारच्या आधी दिलं. संध्याकाळी रीस्टार्ट केला तर पुन्हा काळोख, पुन्हा बाण. रोज सकाळी हाताने एक्सप्लोरर चालू करून दिवस ढकलता आला असता. आमच्या बोळातल्या एकाने तर तेच सुचवलं, “चालतंय न्हवं? मग चालू दे की.” मला ते जमण्यातलं नव्हतं.

दुकान बंद करून आत बसले आणि व्हिडिओ कॉल लावून फोन स्टॅपलरला टेकवून ठेवला. पहिली तपासणी म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइली शाबूत आहेत का. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एसएफसी’, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ असं द्यायचं. बराच वेळ टक्के मोजून त्याने उत्तर दिलं की काही गडबड नाही. म्हणजे विंडोज करप्ट हेही बाद.

दुसरी तपासणी सेफ मोडची. शिफ्ट धरून ठेवून रीस्टार्टवर क्लिक, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आली की आकडा ४. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरांवर चालतं. तिथेही पिन टाकल्यावर चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ लिहिलेलं आणि मध्ये ठार काळं. भाच्याचा चेहरा पडला, मला मात्र बरं वाटलं. ड्रायव्हर बाजूला काढूनही दुखणं तसंच राहिलं, म्हणजे ते ड्रायव्हरचं नव्हतंच.

तिसरी गोष्ट मात्र माझी मला सुचली. मुलगा दहावीला होता तेव्हा त्याच्यासाठी याच कॉम्प्युटरवर वेगळं खातं काढलं होतं. तो आता नोकरीला आहे, खातं तसंच पडून. साइन आउट केलं, त्याच्या नावावर क्लिक केलं, पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. चक्र फिरलं आणि सरळ डेस्कटॉप! क्रिकेटपटूचा वॉलपेपर, चिन्हं, पट्टी, सगळं जागच्या जागी.

तेच मशीन, तेच विंडोज, तेच कार्ड. फक्त माणूस वेगळा. म्हणजे खोट माझ्या खात्यात होती.

भाचा एकदम सरसावून बसला. “रजिस्ट्री बघू आत्या. पण मी सांगेन तेवढंच, बाकी कशाला हात लावायचा नाही.” रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं दप्तर. कुठला प्रोग्राम कधी सुरू करायचा, कुठली सेटिंग काय, सगळ्या नोंदी तिथे. ‘रेजएडिट’ टाइप केलं की डावीकडे फोल्डरांचं झाड दिसतं. त्याने मला लोकल मशीनच्या फांदीत नेलं, ती सगळ्या खात्यांची सामाईक. तिथून सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, आणि शेवटी विनलॉगॉन, आत शिरल्यावर काय सुरू करायचं त्याच्या नोंदी. उजवीकडे ‘शेल’ नावाची नोंद होती, म्हणजे डेस्कटॉप मांडायला कुठला प्रोग्राम बोलवायचा ते, आणि तिच्यासमोर एक्सप्लोरर डॉट ईएक्सई, जसं हवं तसंच. खाली ‘युजरइनिट’, त्यात एका फाइलचा पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम. मला वाटलं हीच चूक, हात शिवशिवले. तो ओरडला, “नको! तो स्वल्पविराम तिथे असतोच.” जन्मभर प्रूफं तपासणाऱ्या बाईला शेवटी लोंबणारा स्वल्पविराम सोडून द्यायला सांगणं म्हणजे काय, ते त्याला नाही कळायचं.

इथे तो अडला. नोंदी बरोबर, फाइली बरोबर, तरी काळोख. प्रूफ तपासताना आम्ही एक साधी गोष्ट करतो. शंका आली की जुनी प्रत शेजारी ठेवून ओळीला ओळ लावतो. इथे तर बरोबर प्रत हाताशी होती, मुलाचं खातं. रजिस्ट्रीत ‘करंट युजर’ अशी आणखी एक फांदी असते, जो आत शिरलाय त्याची ती. भाच्याला विचारलं, तिच्यातही हे विनलॉगॉन आहे का? होतं. मुलाच्या खात्यात ते उघडून मोबाइलवर फोटो काढला. मग माझ्या खात्यात येऊन, एक्सप्लोरर हाताने चालू करून, तीच जागा उघडली आणि फोटो शेजारी धरला.

माझ्याकडे एक ओळ जास्त होती. ‘शेल’. मुलाकडे ती नव्हतीच. आणि तिच्यासमोर एक्सप्लोररचं नाव नव्हतं. माझ्याच अ‍ॅपडेटा फोल्डरातल्या (प्रोग्राम आपला पसारा ठेवतात तो लपलेला फोल्डर), कशाचा कशाला मेळ नसलेल्या अक्षरांच्या एका फाइलचं होतं.

त्या पत्त्यावर जाऊन पाहिलं तर फाइल नाही. मग अँटिव्हायरसचा इतिहास उघडला. शनिवारी दुपारी त्याने नेमकी त्याच नावाची फाइल व्हायरस म्हणून काढून टाकली होती. समोर हिरवी बरोबरची खूण.

आता शनिवार आठवला. नवऱ्यामुलाचे काका फोटो घेऊन आले होते, पेनड्राइव्हमध्ये. उघडलं तर फोल्डरच्या चिन्हावर तो छोटा वाकडा बाण, म्हणजे शॉर्टकट. हा पेनड्राइव्हचा जुना रोग आहे. खरे फोल्डर तो लपवतो आणि त्यांच्या नावाने शॉर्टकट मांडतो, ज्यावर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि व्हायरसही चालू होतो. मला हे ठाऊक आहे, चार जणांना मी ते ऐकवतेसुद्धा. पण दारात सहा माणसं, झेरॉक्सचं मशीन कागद अडकवून बसलेलं, आणि मी डबल क्लिक केलं. वर सूचना आली, ‘धोका काढला’. बरं झालं म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

तेवढ्या वेळात त्या व्हायरसने माझ्या दप्तरात आपलं नाव घुसडलं होतं. भाच्याने उलगडून सांगितलं की लोकल मशीनच्या फांदीत लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते, करंट युजरमध्ये लागत नाही, म्हणून तो तिथे शिरला आणि म्हणूनच मुलाचं खातं वाचलं. आणि या फांदीत ‘शेल’ असेल तर विंडोज मोठ्या फांदीतल्याला विचारत नाही, हिचंच ऐकतं. अँटिव्हायरसने फाइल मारली पण नोंद तशीच ठेवली. म्हणजे भटजींनी मुहूर्ताला नवरदेवाचं नाव पुकारायचं, आणि त्या नावाचा माणूस गावातच नाही. मंडप काळा, वाजंत्री गप्प. सेफ मोडमध्येही तीच नोंद वाचली जाते, म्हणून तिथेही तोच तमाशा.

दुरुस्तीला अर्धा मिनिट लागला. विनलॉगॉनवर राइट क्लिक, ‘एक्स्पोर्ट’, आणि जुन्या नोंदींची एक प्रत बाजूला ठेवली. मग उजवीकडची ती एकच ‘शेल’ ओळ निवडून डिलीट केली, डावीकडचा फोल्डर नाही. ही खबरदारी भाच्याने तीनदा बजावली. रीस्टार्ट. पिन. चक्र. आणि गणपती. रात्रीचे पावणेबारा झाले होते. मी एकटीच टाळ्या वाजवल्या, कारण तिकडे भाचा बसल्या जागी झोपला होता.

बाकीची साफसफाई दुसऱ्या दिवशी केली. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये एक अनोळखी नाव सापडलं, ते बंद केलं. विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन चालवला. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासतो, त्यामुळे लपलेल्यांना दडायला जागा राहत नाही. मेल आणि बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले, कारण शनिवारपासून आत कोण काय वाचत बसलं होतं कुणास ठाऊक. फाइलींची शेपटं (नावामागचं डॉट ईएक्सई वगैरे) आणि लपलेले फोल्डर दिसतील अशी सेटिंग केली.

हार्डवेअरवाले दादा मंगळवारी फोन न करताच आले. सगळं दाखवलं. त्यांनी त्या फांदीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, “तरीपण एकदा फॉरमॅट मारलेला बरा असतो मॅडम.”

नवऱ्यामुलाचे काका गुरुवारी आले. तोच पेनड्राइव्ह हातात, चेहरा उतरलेला. “ताई, ह्यातलं सगळं फोटो उडालं म्हणतोय स्टुडिओवाला.” उडाले नव्हते, लपले होते. अँटिव्हायरसने त्यातले शॉर्टकट आधी साफ केले, मग कमांड प्रॉम्प्टवरून ‘अ‍ॅट्रिब’ चालवून लपवण्याच्या खुणा काढल्या, आणि साखरपुड्याचे सगळे फोटो परत उभे राहिले. त्यांना हायसं वाटलं. खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढत म्हणाले, “मग ह्यातलं बी चार फोटो टाका की पत्रिकेवर.”

मी हात मागे घेतला. म्हटलं, “काका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छापताना नवरीचं तोंड फुटतं.”