हिरवं झाकण, जांभळं झाकण

चिऊच्या रक्ताचा पहिला रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आम्ही पेढे वाटले. कागदावर छापलं होतं, ४६, एक्सएक्स, नॉर्मल, म्हणजे मुलगी, गुणसूत्रं पुरी. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. चार दिवसांनी पुण्याला जेनेटिक्सच्या मॅडमनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "आई, ही तपासणी मी लिहिलीच नव्हती."

त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही. मॅडमवरचा नाही, त्या रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवरचा. म्हणून हे लिहिते आहे.

चिऊ आमची आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूबची लेक. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, तिसऱ्या खेपेला राहिलेली. गरोदरपण नीट गेलं. छत्तिसाव्या आठवड्यात जन्मली तेव्हा वजन ४ किलो १०० ग्रॅम होतं, आणि बघायला येणारा प्रत्येकजण म्हणत होता, काय गुटगुटीत आहे! पण जीभ तोंडात मावत नव्हती, बेंबी फुगून पुढे आली होती, आणि पहिल्याच दिवशी रक्तातली साखर इतकी उतरली की तिला एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी कानाच्या पाळीवरची आडवी रेघ मला बोटानं दाखवली आणि बेकविथ-वीडमान सिंड्रोम हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. जास्त वाढीचा विकार. अशा बाळांना लहानपणी किडनीची किंवा यकृताची गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून खात्री करून घ्या, असं सांगून त्यांनी पुण्याला पाठवलं.

मॅडमनी पहिल्याच भेटीत कागदावर चित्र काढून समजावलं. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती काम करतात, पण थोड्या जनुकांवर ठसा मारलेला असतो, ही प्रत चालू, ती बंद. हा ठसा म्हणजे डीएनएवर चिकटलेले मिथाइलचे गट. डीएनएची अक्षरं जशीच्या तशी राहतात, खूण तेवढी बदलते. गर्भ पहिल्या काही दिवसांचा असताना बाकीच्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात, हे ठसे मात्र टिकायला लागतात. आणि आयव्हीएफमध्ये नेमके तेच दिवस गर्भ प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत असतो.

मी विचारलं, म्हणजे आम्ही आयव्हीएफ केलं म्हणून हे झालं का? त्यांनी पेन खाली ठेवलं. हा विकार एरवी साधारण दहा हजार बाळांत एकाला होतो. आयव्हीएफ आणि इक्सीच्या (यात बीजात सुईनं एकच शुक्राणू सोडतात) बाळांत तो काही पटींनी जास्त दिसतो, हे २००३पासून निरनिराळ्या देशांत नोंदलं गेलं आहे. काही ठिकाणी चौपट, काही ठिकाणी दहापट. दहापट धरलं तरी हजारात एखादं बाळ. आणि इंजेक्शनं, गर्भ ज्यात वाढवतात ते द्रावण, की मूळचं वंध्यत्वच, यातलं एक कारण काढून कुणी दोष देऊ शकत नाही. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. पण मोकळी होऊन रडले.

आता काउंटर.

मॅडमनी स्पष्ट अक्षरात लिहिलं होतं, ११पी१५ मिथायलेशन, एमएस-एमएलपीए. म्हणजे अकराव्या गुणसूत्रावरच्या त्या ठशांची तपासणी. काउंटरवरच्या मुलानं संगणकात शोधलं, सापडलं नाही. यादीत 'जेनेटिक' शब्दाजवळ जे होतं ते त्यानं दाबलं, आणि ते होतं कॅरिओटाइप. म्हणजे गुणसूत्रं मोजणं. त्याला हिरव्या झाकणाची ट्यूब लागते, तिच्यात रक्त गोठू न देणारं हेपरिन असतं. चिऊच्या हातातून दोन वेळा सुई घालून रक्त काढलं. मी पावती वाचली होती, पण कॅरिओटाइप म्हणजे काय हे मला कुठं माहीत होतं? तीन आठवडे वाट बघितली, पेढे वाटले, आणि कळलं की गुणसूत्रं मोजून हा विकार दिसतच नाही.

कराड ते पुणे १६० किलोमीटर. पहाटेच्या एसटीनं तान्हं बाळ घेऊन जायचं. काउंटरवर गेल्यावर उत्तर मिळालं, तपासणी झालेली आहे, पैसे परत होणार नाहीत. मी म्हटलं, नका देऊ, त्याच रक्तावर बरोबर तपासणी करा. ते जमत नाही, कारण हेपरिनमुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, बिघडतं, डीएनएच्या या तपासणीला ईडीटीएचीच ट्यूब लागते, जांभळ्या झाकणाची. हे मला काउंटरनं नाही सांगितलं, रक्त काढणाऱ्या सिस्टरनं सांगितलं. तिचे उपकार मानते.

मग म्हणे डॉक्टरांकडून तपासणीचा कोड आणा. मॅडमची ओपीडी सोमवारी आणि गुरुवारी, तो दिवस मंगळवार. गुरुवारी पुन्हा गेलो. मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे कोड नसतो, तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये जाते. परत काउंटर. तिथं दुसरी मुलगी. फॉर्म भरताना तिनं मान वर न करता मोठ्यानं विचारलं, "टेस्ट ट्यूब आहे का बाळ?" मागं रांगेत पंधरा माणसं. हे गोरेमोरे झाले, कारण आमच्या घरात सासूबाईंखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघून तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "हो. आयव्हीएफ, इक्सी. लिहा तिथं, तो रकाना लॅबला लागतो." माझा आवाज कापत होता, पण बोलले ते आजही बरं वाटतं. १९८६मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा ही टेस्ट ट्यूब बाळ जन्मली, त्याला किती वर्षं झाली! अजून आम्ही कुजबुजत का बोलायचं?

त्या दिवशी जांभळी ट्यूब भरून घेतली, झाकण स्वतः पाहिलं, लेबलवरचं नाव वाचलं. तरी ती ट्यूब दिवाळीच्या सुट्टीत फ्रिजमध्येच पडून राहिली. मी रोज सकाळी दहा वाजता फोन करत होते. कुरिअर निघाल्याचा नंबर मिळेपर्यंत सोडलं नाही. रिपोर्ट यायला पुढे पाच आठवडे गेले.

अशा तपासणीला जाणार असाल तर ऐका. तपासणीचं नाव डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि पावतीवर 'मिथायलेशन' हा शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नका. एक्झोम करा, त्यात सगळं येतं, असंही कुणी सांगेल. एक्झोममध्ये अक्षरं वाचतात, मिथाइलच्या खुणा दिसत नाहीत. आणि रक्तात काही सापडलं नाही म्हणून विकार नाही असं होत नाही, कारण शरीराच्या काही पेशींत बदल असतो, काहींत नसतो. मग गालाच्या आतून पेशी घेऊन बघतात.

चिऊच्या रक्तात सापडलं. आईकडच्या प्रतीवर, आयसी२ नावाच्या जागी ठसा नव्हता, त्यामुळे वाढीला लगाम घालणारं जनुक गप्प बसलं होतं. मॅडम म्हणाल्या, या विकारात निम्म्या मुलांत हेच सापडतं आणि गाठीचा धोका यात सगळ्यांत कमी, शंभरात दोन-तीन. आयसी१ ही दुसरी जागा बिघडली असती तर तोच धोका शंभरात पंचवीसच्या पुढे होता. म्हणून नुसतं नाव कळून भागत नाही, प्रकार कळावा लागतो. त्यासाठी मी तीन महिने भांडले.

एक राहिलं. आयव्हीएफ केंद्रातून गर्भाच्या नोंदींची प्रत मागून घ्या. २०२१च्या कायद्यानं त्यांना नोंदी किमान दहा वर्षं ठेवाव्या लागतात. आम्हाला एका अर्जावर मिळाली.

आता दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि एएफपीची (यकृताच्या गाठीत वाढणारं प्रथिन) रक्ततपासणी. पुढे सातव्या वाढदिवसापर्यंत फक्त किडनी बघायची. आयसी२च्या मुलांना इतक्या सोनोग्राफीची गरज नाही असं युरोपातले डॉक्टर म्हणतात, अमेरिकेतले करायला सांगतात. आमच्या मॅडम करतात, आणि मलाही त्यानं झोप लागते. एएफपीचा पहिला रिपोर्ट लाल अक्षरात आला होता, आकडा मर्यादेच्या कितीतरी पट. हात गार पडले. ती मर्यादा मोठ्या माणसांची असते. तान्ह्या बाळाचा एएफपी जास्तच असतो आणि वर्षभरात उतरतो, म्हणून वयाच्या तक्त्याशी ताडून बघायचं. मी वहीत तारखेपुढे आकडे लिहून ठेवते. चार वेळा झाली, पहिल्यानंतर दर वेळी आधीपेक्षा कमी.