भक्ती आणि भेव

निवडणूक आली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक हमखास विचारतात, "तुमच्याकडे संघाचं मुख्यालय, तुमच्याकडेच दीक्षाभूमी. नागपूरचे लोक धर्म बघूनच मत देत असतील ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी निकाल बघा. संघाची स्थापना इथली, १९२५ ची. तरी २०१४ पर्यंत लोकसभेची ही जागा भाजपला एकदाच मिळाली, १९९६ मध्ये. तेव्हा निवडून आलेले बनवारीलाल पुरोहित आधी काँग्रेसचे खासदार होते. त्यानंतर विलास मुत्तेमवार सलग चारदा काँग्रेसकडून जिंकले. त्या सगळ्या वर्षांत रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराच्या शोभायात्रेची गर्दी काही आटली नव्हती. म्हणजे भक्ती आपली आपण मतपेटीत जात नाही. तिच्यामागे भेव, म्हणजे भीती, लावावं लागतं.

२०२४ च्या निवडणुकीत मी हे भेव तीन तऱ्हांचं पाहिलं. इंदोऱ्यात लोक म्हणत, "संविधान बदलवून टाकतीन जी." १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या घरांतल्या आजोबांनी धम्म स्वीकारला, तिथे संविधान म्हणजे ताठ मानेने जगण्याची हमी, तिथली श्रद्धा आणि भीती वेगळी काढताच येत नाही. मोमिनपुऱ्यात, मुस्लिम वस्तीत, काळजी कागदांची. मार्चमध्येच नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम लागू झाले होते. पुढे एनआरसी, म्हणजे नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, आली तर आजोबांचे दाखले कुठून आणायचे? आणि महाल भागात, माझ्या ओळखीच्या चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांत, "आपण कमी होत चाललो."

या तिन्हींना मी एका मापाने मोजणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात हिंदू ७९.८ टक्के होते. कमी होण्याची भीती मनात कोणीतरी पेरावी लागते. कागद नसल्याची भीती घरातली कागदांची पेटी उघडली की समोर दिसते. पण मत देताना दोघांचीही छाती तितकीच धडधडते, हेही खरं.

कायदा या बाबतीत आंधळा नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार देवाचा कोप होईल असं सांगून मतदारावर दबाव आणणं हे भ्रष्ट आचरण आहे, धर्माच्या नावावर मत मागणंही. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की यात फक्त उमेदवाराचा नाही, मतदाराचा धर्मही येतो. पण आज देवाच्या कोपाची धमकी देतो कोण? शेजारी वरचढ होईल एवढं सुचवलं की काम होतं, आणि सुचवलेलं कोर्टात सिद्ध करणं फार कठीण.

मला सगळ्यात जास्त सलते ती एक गोष्ट क्वचितच कोणी बोलतं. आपलं मत गुप्त असतं, पण निकालानंतर बूथनिहाय आकडे जाहीर होतात. एका बूथवर साधारण हजारेक मतदार, बहुतेक दोन-चार गल्ल्यांतले. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिलं हे दुसऱ्या दिवशी नगरसेवकापासून पानठेल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मग वस्तीतला वेगळा विचार करणारा माणूसही घाबरून सगळ्यांसोबत जातो. "आपल्या बूथवरून कमी पडली तर रस्ता होणार नाही," हे मी कानांनी ऐकलंय. बूथनिहाय आकडे कळू नयेत म्हणून अनेक बूथच्या मतदान यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला, आणि अजून ते आलेलं नाही. उद्या आमच्या दारी मत मागायला जो कोणी येईल, कोणत्याही पक्षाचा, त्याला मी आधी याचंच कारण विचारणार आहे.