जाहिरातीचं कात्रण

2 फेब्रुवारी 2024 चा शासन निर्णय मोबाइलवर आला तेव्हा मी आवक नोंदवहीत टपाल चढवत होते. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी जाहिरात निघालेली, पण नेमणूक त्यानंतर झालेली, अशा कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन घ्यायची एकदाच संधी. विकल्प सहा महिन्यांत द्यायचा, दिला की बदलता येणार नाही. दोनदा वाचलं. ही मीच होते.

आमच्या लिपिक भरतीची जाहिरात 2005 च्या मे महिन्यातली. जुलैअखेर कृष्णेनं सांगली पाण्यात घातली, परीक्षा लांबली, निवड यादी लागायला डिसेंबर उजाडला आणि मी रुजू झाले जानेवारी 2006 मध्ये. तोवर 31 ऑक्टोबरला सरकारनं नव्या भरतीसाठी अंशदायी पेन्शनचा, म्हणजे पगारातून दरमहा कापून साठवायच्या पेन्शनचा, निर्णय काढून दुसऱ्या दिवसापासून लागूही केला होता. त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं 1 नोव्हेंबरला होतं. घरोघरी लक्ष्मीची पूजा चाललेली आणि आमची मागच्या दारानं गेलेली. पण खरं सांगायचं तर तेव्हा पेन्शनचा विचारही मनात नव्हता. नोकरी लागली म्हणून आईनं गल्लीत पेढे वाटले होते.

तिजोरीत खडखडाट आहे असं सांगून सरकारनं ही काटकसर केली, ती अजून नोकरीतच नसलेल्यांकडून. हे मला फार उशिरा उमगलं. जे आत होते त्यांचं काही जात नव्हतं, आणि जे बाहेर होते ते कुठल्या संघटनेचे सभासद नव्हते. त्यांच्यासाठी मोर्चा कोण काढणार?

पुढे आम्हीच संख्येनं वाढलो आणि 14 मार्च 2023 ला राज्यभर बेमुदत संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या टोप्या घालून आम्ही तहसीलसमोरच्या मांडवात बसलो होतो. बाहेर लोक नावं ठेवत होते, तेही समजत होतं. जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, असं फडणवीसांनी आदल्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सांगितलं होतं. आकडा ऐकून मलाही धडकी भरली. पण करोनात मार्च 2020 चा पगार आम्ही दोन हप्त्यांत घेतला, दीड वर्ष महागाई भत्ता गोठला तो सोसला. दर वेळी समजून आम्हीच घ्यायचं का, एवढंच म्हणणं होतं. सातव्या दिवशी संप मागे. हाती आलं समितीचं आश्वासन. मांडवातले पुष्कळ जण तोंड पाडून घरी गेले, मीही त्यातच. वर्ष होत आलं तेव्हा सरसकट मागणीतून एवढा एक तुकडा सुटला, राज्यातल्या सुमारे 26 हजार जणांपुरता.

तर विकल्प. अर्ज एका पानाचा, जोडपत्रं मात्र पुष्कळ: नेमणूक आदेश, रुजू अहवाल, सेवापुस्तकाचं पहिलं पान, निवड यादी आणि जाहिरातीची प्रत. पहिली चार दोन दिवसांत जमली. जाहिरात काही सापडेना. मुख्य कार्यालयातली भरतीची फाइल 2019 च्या पुरात भिजून गेली होती. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, “जाहिरातीची तारीख सिद्ध झाल्याशिवाय पुढं पाठवता येणार नाही.” आदेशावर जाहिरातीचा क्रमांक होता, तारीख नव्हती. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींसाठी सांगलीत वाचनालयात जावं म्हटलं, तर त्याच पुरात तिथली हजारो पुस्तकं गेलेली. म्हणजे 2005 च्या पुरानं नेमणूक लांबवली आणि 2019 च्या पुरानं पुरावा नेला.

मग आमच्या निवड यादीतल्या एकेकाला फोन लावत बसले. अकरा जणांपैकी दोघं वारलेले, एक नोकरी सोडून पुण्याला. शेवटी आटपाडीची एक मैत्रीण म्हणाली, “अगं, आमच्या अप्पांनी चिकटवून ठेवलंय की ते वहीत.” तिच्या वडिलांना मुलीच्या प्रत्येक अर्जाचं कात्रण जपायची सवय, कडेला पेनानं वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख. आटपाडीला पूर कुठला यायला! एसटीनं गेले, अप्पांच्या पाया पडले, वही घेऊन आले. पण नुसत्या कात्रणावर साहेब ऐकेनात, अंकाचं पूर्ण पान हवं. तारीख कळली होती, त्यामुळे कोल्हापुरात जुन्या अंकांत ते पान अर्ध्या तासात मिळालं. छायाप्रत साक्षांकित करून अर्ज दिला तेव्हा जुलै निम्मा सरला होता.

मंजुरीचा आदेश दिवाळीनंतर आला. एनपीएसचं, म्हणजे त्या अंशदायी पेन्शनचं, खातं बंद, भविष्य निर्वाह निधीचं उघडायचं. माझ्या पगारातून कापलेली रक्कम त्यात वळती, सरकारचा हिस्सा सरकारजमा. हिशेब जुळायला आणखी काही महिने गेले, कारण सुरुवातीच्या वर्षांच्या कपातीच्या चिठ्ठ्या आम्हाला कधी मिळाल्याच नव्हत्या. मी पगाराची जुनी पासबुकं काढून एकेक महिना लिहून दिला. ज्यांचा विकल्प द्यायचा राहून गेला असे दोघं माझ्या ओळखीत आहेत. “बघू पुढच्या महिन्यात” म्हणत राहिले.

आमच्याकडे पगारबिलं करणारा मुलगा 2007 मध्ये लागला, 2006 च्या जाहिरातीवर. संपात सातही दिवस मांडवात तोच पुढं असायचा. घोषणा द्यायलाही तोच, पाण्याचे जार आणायलाही तोच. मी तर दोन दिवस पोराच्या बारावीमुळे दुपारनंतर घरी गेले होते. माझा आदेश आला त्या दिवशी त्याचं पहिलं वाक्य, “ताई, पेढे कुठं हाईत?” पेढे नेले. त्यानं एक खाल्ला, एक कागदात बांधून पोरीसाठी खिशात टाकला.

महिनाअखेरीला सेवार्थमध्ये, म्हणजे पगारबिलांच्या संगणक प्रणालीत, माझी कपात बदलायची होती, तेही त्याचंच काम. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. एनपीएसची कपात काढली, भविष्य निर्वाह निधीचा आकडा विचारला, भरला. “चष्मा लावून बघा एकदा, चूक नको.” मी बघितलं, बरोबर होतं. मग त्यानं यादीतलं पुढचं नाव उघडलं. ते त्याचंच होतं. त्यात काही बदलायचं नव्हतं.