फरशी तीन महिन्यांत बसली, शेअर सर्टिफिकेटला अकरा महिने लागले

बिबवेवाडीतला तो फ्लॅट विकून झाला, कर्ज फिटलं, तरी शेअर सर्टिफिकेटचा, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या त्या एका कागदाचा विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो. जुना फ्लॅट घ्यायचा, नीट करायचा आणि विकायचा, असं मनात असलेल्या ओळखीतल्या दोघी-तिघींनी मला खर्च किती आला आणि टाइल्स कुठून घेतल्या एवढंच विचारलं. सोसायटीबद्दल एकीनंही विचारलं नाही. घेताना मीही विचारलं नव्हतं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ५२ लाखांना घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, साडेसहाशे चौरस फूट, पस्तीसेक वर्षांची इमारत. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर केली, कारण बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पुण्यात ७ ऐवजी ६ टक्के, म्हणजे सरळ ५२ हजार वाचले. आधी या सवलतीला अट होती, की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये निघाली, नाहीतर विकण्यासाठीच घेतलेल्या घरावर मी सवलतीच्या वाटेला गेले नसते. किंमत ५० लाखांच्या वर होती, त्यामुळे विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (त्याचा आगाऊ आयकर) कापून मलाच भरायचा होता. वकिलांनी आठवण केली म्हणून, नाहीतर राहून गेलं असतं.

कामाबद्दल फार सांगत नाही. डिसेंबरमध्ये सुरू झालं, मार्चच्या सुरुवातीला संपलं. प्लायवूड टिंबर मार्केटमधून, वायरिंगचं सामान तपकीर गल्लीतून. स्वयंपाकघराची भिंत पाडून मोकळं करायचं मनात होतं, पण इंजिनिअर नको म्हणाले आणि मी ऐकलं. खरं काम बाथरूमचं होतं. फरशी उखडली तेव्हा खालचा जुना लोखंडी पाइप दिसला. मिस्त्रींनी बोटानं दाबला तर गंजाचे पापुद्रे सुटून हातात आले. पाणी इतकी वर्षं तिथून झिरपत होतं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर परातीएवढा पिवळा डाग पडला होता. नवे पाइप टाकले, वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि टाइल्स लावायच्या आधी तीन दिवस बाथरूममध्ये पाणी कोंडून ठेवलं. रोज संध्याकाळी काकूंकडे जाऊन मी स्टुलावर चढून छताला हात लावून बघायचे. तिन्ही दिवस कोरडं. त्या तीन संध्याकाळींचा मला अजून अभिमान आहे. त्या घरातलं सगळ्यात चोख काम तेच, आणि फ्लॅट बघायला आलेल्या एकालाही ते दिसलं नाही.

एकूण खर्च आठ लाख चाळीस हजार.

आता सोसायटीचं. खरेदीखताची नोंदणी झाल्यावर आठवड्याभरात मी चेअरमनसाहेबांच्या घरी गेले. एका निळ्या फोल्डरमध्ये सभासदत्वाचा अर्ज, खरेदीखताची प्रत, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), मूळ शेअर सर्टिफिकेट आणि २५,६०० रुपयांचा चेक. २५ हजार हस्तांतरणाचं प्रीमियम (मालकी बदलताना सोसायटी घेते ती रक्कम), ५०० हस्तांतरण फी, १०० प्रवेश फी. त्यांनी चहा दिला, फोल्डर टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "ठेवा ताई, पुढच्या मीटिंगला घेतो." मी खूश होऊन जिना उतरले. पोच घेतली नाही. चहा प्यायलेल्या घरी सही-शिक्का मागायचा कसा, असं वाटलं. तो संकोच मला एक लाखाच्या वर पडला.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मी मजुरांच्या मागे होते. चेक वटलाय का, हे पासबुकात बघायचं सुचलं नाही. चेकची मुदत तीन महिने असते, ती टळून गेली. हा पहिला इशारा होता. तुम्ही दिलेला चेक महिनाभरात वटला नाही, तर अर्ज कुठेतरी पडून आहे असं समजा आणि जाऊन विचारा.

मे २०२४ मध्ये गिऱ्हाईक मिळालं. हडपसरला नोकरी करणारं जोडपं, ७५ लाखांवर बोलणं झालं. त्यांच्या बँकेनं कागदांची यादी दिली. त्यात माझ्या नावाची नोंद असलेलं शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं ना हरकत पत्र होतं. मी चेअरमनसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही."

मी फोल्डरचा रंगसुद्धा सांगितला. ते मान हलवत राहिले. मग खरी गोष्ट निघाली. "ताई, तुम्ही इथं राहायला आला नाहीत. घेतलं, सजवलं, नफा करून निघालात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंय, सोसायटीकडे पैसे नाहीत. बिल्डिंग फंडाला दीड लाख द्या, आठ दिवसांत सगळं करून देतो."

गच्ची गळत होती हे खरं आहे. चौथ्या मजल्यावरच्यांचे हाल मीही पाहिले होते. सगळ्या सभासदांकडून सारखी वर्गणी काढली असती, तर माझा वाटा मी त्याच दिवशी दिला असता. पण विकणाऱ्या एकटीला अडवून दीड लाख मागायचे हे मला पटलं नाही, आणि ते कायद्यातही बसत नाही. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचं प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांमध्ये, तर स्वच्छ लिहिलंय, की देणगी, फंड किंवा दुसऱ्या कुठल्याही नावाखाली जादा रक्कम घ्यायची नाही. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. हस्तांतरणासाठी ना हरकत पत्राची गरजच नसते. बँकेला हवं असतं म्हणून आपण मागतो, आणि मागितलं तर कमिटीनं महिन्याभरात विचार करायचा असतो. हे सगळं मी चेअरमनसाहेबांना तोंडी सांगितलं. "कायदा आम्हाला शिकवू नका," एवढंच उत्तर मिळालं.

नवरा म्हणाला, देऊन टाक दीड लाख, विषय संपव. सगळेच तसं म्हणत होते. व्याजच महिन्याला बावीस हजारांच्या आसपास जात होतं, त्यामुळे हिशोबानं त्याचं चूक नव्हतं. पण माझं मूळ शेअर सर्टिफिकेट ज्यांनी टीपॉयवर ठेवून घेतलं आणि मग मिळालंच नाही म्हणाले, त्यांना मी एक रुपया जादा देणार नव्हते. आमची यावरून घरात दोनदा भांडणं झाली.

वाट सापडली ती खालच्या काकूंच्या घरी. काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पोच घेतलीत का?" मी गप्प. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही अर्ज केलेलाच नाही असं समजा. नव्यानं करा, आणि यापुढे तोंडानं काही बोलू नका." टेबलावर बसून त्यांनी मला पत्र सांगितलं आणि मी लिहिलं. जोडलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, शेवटी यादी, नवा चेक, आणि मूळ सर्टिफिकेट नोव्हेंबरमध्येच दिल्याचा तारखेसह उल्लेख. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक प्रत चेअरमन आणि एक सेक्रेटरी यांच्या नावे रजिस्टर्ड एडीनं (सहीची पोच परत येते त्या टपालानं) पाठवली.

सेक्रेटरी तेव्हा मुलीकडे अमेरिकेला गेलेले, सप्टेंबरपर्यंत येणार नव्हते, पण त्यांच्या घरच्यांनी पत्र सही करून घेतलं. चेअरमनसाहेबांचं पाकीट परत आलं. वर पोस्टमननं लिहिलेलं: "घेण्यास नकार". मी रागानं ते फाडणार होते. काकांनी हात धरला. ते पाकीट उघडायचं नाही, आहे तसं बंद ठेवायचं. न उघडलेलं पाकीट, त्यावरची तारीख आणि तो शेरा, हाच पुरावा. अजूनही ते माझ्या कपाटात आहे.

मग तीन महिने. संस्थेनं सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो. तो कळवला नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते. त्याआधी गेलं तर घाई केली असं होतं. जून, जुलै, ऑगस्ट मी नुसती बसून होते. नवं कोरं घर बंद. दर रविवारी जाऊन खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, पावसाळ्याची ओल धरली नाही ना ते बघायचं. दर रविवारी त्या जोडप्यातल्या मुलीचा फोन यायचा, "ताई, काही झालं का?" त्यांच्या कर्जमंजुरीची मुदत संपली, पुन्हा अर्ज करावा लागला. भाड्याच्या घरमालकाला त्यांनी सोडण्याची नोटीस दिलेली, ती मागे घ्यावी लागली. ते दुसरीकडे गेले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. नंतर मी आपणहून एक लाख कमी केले.

सप्टेंबरमध्ये उपनिबंधक कार्यालयात अर्ज दिला. दोन्ही पत्रांच्या प्रती, पोस्टाच्या पावत्या, पोच आणि त्या बंद पाकिटाची झेरॉक्स जोडली. माझ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक मागून घेतला. या वेळी शाई वाळेपर्यंत काउंटर सोडला नाही. काही आठवड्यांनी सोसायटीला म्हणणं मांडण्याची नोटीस गेली. नोटीस पोचल्यावर सहाव्या दिवशी मला फोन आला, "ताई, रविवारी मीटिंग आहे, तुमचा विषय घेतोय."

निळा फोल्डर सोसायटीच्या कपाटात सापडला. सगळे कागद आत, मुदत टळलेला चेकसुद्धा.

शेअर सर्टिफिकेट तुम्ही कधी नीट पाहिलंय का? पुढे पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण अडीचशे रुपये. मागे रकाने: हस्तांतरणाची तारीख, नवीन सभासदाचं नाव, नोंदवही क्रमांक, चेअरमन आणि सेक्रेटरींच्या सह्या. आधीच्या दोन मालकांच्या ओळी निळ्या शाईत, त्यांच्याखाली माझी तिसरी. लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी समोर बसून प्रत्येक अक्षर तपासलं, गोल शिक्का सह्यांवर नीट उमटलाय का तेही. २५,६०० ची पावती घेतली. ना हरकत पत्र त्याच बैठकीत घेतलं. खाली उतरून काकूंकडे गेले आणि मला रडू आलं.

त्यामुळे क्रम उलटा करा. खरेदीच्या आधी विकणाऱ्याकडून सर्टिफिकेटची मागची बाजू बघा, शेवटची ओळ त्याच्याच नावाची हवी. मालकीबदलाची पंधरा दिवसांची नोटीस त्यानं सोसायटीला द्यायची असते, ती दिल्याची पोच मागा. आणि तुमचं नाव चढेपर्यंत हातोडा उचलू नका. बाथरूम तोडायला काढल्यावर सोसायटी तुम्हाला केव्हाही खिंडीत गाठू शकते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ७४ लाखांना खरेदीखत झालं. दोन्ही वेळची दलाली, मुद्रांक, काम, व्याज आणि मेंटेनन्स धरून आयकराच्या आधी पाच लाखांच्या थोडं वर उरलं. चोवीस महिन्यांच्या आत विकल्यामुळे नफा अल्पमुदतीचा, म्हणजे माझ्या स्लॅबप्रमाणे कर. इथं बिलं कामी आली. पाइप, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, ओटा यांची बँकेतून पैसे दिलेली बिलं होती, ती सीएंनी सुधारणेचा खर्च म्हणून धरली. रंगकामाला डागडुजी म्हणाले, ते धरलं नाही. मिस्त्रींना रोख दिलेले लाखभर रुपये कुठेच दाखवता आले नाहीत. पहिल्या दिवसापासून सगळं बँकेतून द्या, मजुरीसुद्धा.

वीजमीटरचं सांगायचं राहिलं. महावितरणकडे नाव बदलायला मी "विकायचंच तर आहे" म्हणून टाळाटाळ केली होती. मग आदल्या मालकाच्या नावाचं बिल बघून खरेदीदाराच्या बँकेनं शेवटच्या आठवड्यात खुलासा मागितला. घर ताब्यात आल्यावर लगेच अर्ज करून टाका. मिळकतकराच्या बिलावरचं नावही त्याच फेरीत.