मूठभर तांदूळ आणि मान्नानमची टेकडी

कोट्टायमच्या स्टँडवर बसच्या पाट्या सगळ्या मल्याळीत. मी आपला प्रत्येक बसच्या दारात जाऊन "मान्नानम?" एवढंच विचारत होतो. तिसऱ्या बसच्या कंडक्टरने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याने मला मेडिकल कॉलेजपाशी उतरवून दोरी ओढली तेव्हा कळलं. पुढचा चढ रिक्षाने.

हे माझ्या यादीत मुळी नव्हतंच. आदल्या दिवशी अलेप्पीहून आमची हाऊसबोट निघाली. कैनकरीजवळ बोटवाल्याने काठावरच्या माडांकडे हात केला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, "हमारा चावरा अच्चन का घर उधर. पिडियरी वाला." अच्चन म्हणजे फादर, ख्रिस्ती धर्मगुरू. पिडियरी म्हणजे काय, तर मूठभर तांदूळ. घरोघरच्या बायकांनी भाताला तांदूळ मोजताना त्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि आठवड्याने ते साठलेले तांदूळ चर्चमध्ये द्यायचे. त्यातून शाळेतल्या गरीब पोरांना दुपारचं जेवण.

मी चमकलोच. आमची आजी कोरेगावची. पीठ मळायला घेण्याआधी ती एक मूठ धान्य एका डब्यात टाकायची. "अण्णांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी", असं सांगायची. अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील आणि तो त्यांचा मुष्टिफंड. बोर्डिंगचा माणूस यायचा कधीच बंद झाला होता, पण तिच्या हाताची सवय काही गेली नाही. तीच मूठ केरळात कितीतरी वर्षं आधी कुणी मागितली होती, हे मला ठाऊक नव्हतं. बाकीची मंडळी दुसऱ्या दिवशी कुमरकोमला पक्षी बघायला गेली, मी इकडे, चावरांच्या मठाच्या टेकडीवर आलो.

कुरियाकोस एलियास चावरा. जन्म १८०५, कैनकरीचा. पाच वर्षांचा असताना गावातल्या हिंदू आशानकडे म्हणजे पंतोजींकडे मुळाक्षरं गिरवली, मग पालक्कल तोमा मल्पान यांच्याकडे पौरोहित्याचं शिक्षण घेतलं. मल्पान म्हणजे सिरियाकमध्ये, इथल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या प्रार्थनेच्या भाषेत, गुरुजी. सेमिनरीत असतानाच गावात साथ आली आणि आईवडील आणि एकुलता भाऊ गेले. घर चालवायला परत ये म्हणून नातेवाईक मागे लागले होते, पण हा परतला नाही. १८२९ मध्ये धर्मगुरू झाला. पालक्कल, पोरुकरा तोमा मल्पान आणि हा, अशा तिघांनी या टेकडीवर मठ काढायचं ठरवलं आणि ११ मे १८३१ ला पाया घातला. आजचा सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) हा धर्मगुरूंचा संघ इथलाच. तिघांतले दोघे थोरले पुढच्या पंधरा वर्षांत वारले आणि सगळं चावरांच्या अंगावर पडलं. व्रतं घेऊन रीतसर संघ व्हायला १८५५ चा डिसेंबर उजाडला. चोवीस वर्षं! आपल्याकडे एवढ्या काळात संस्थेची तीन शकलं होऊन कोर्टकज्जे सुरू झाले असते.

टेकडीवर चर्च, मठ, शाळा आणि फणसाची झाडं. चपला काढून आत गेलो. चावरा वारले १८७१ मध्ये, कोचीजवळच्या कूनम्मावला. अस्थी इथे आणल्या १८८९ मध्ये. कबरीपाशी एक बाई गुडघ्यावर बसली होती. हातात मेडिकल कॉलेजची फाईल, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. तिने फाईल कबरीला टेकवली, मग स्वतःच्या कपाळाला, आणि शेवटी पिशवीची गाठ पुन्हा नीट मारली. बराच वेळ मी त्या गाठीकडेच बघत होतो.

बाहेर चहाच्या टपरीमागे एक माणूस केळीचं खोड कापत होता. एकेक सोप सुटत होता, पाणी गळत होतं. चावरांना छापखाना हवा होता, पण तो घडवणारं कोणी नव्हतं. त्यांनी तिरुवनंतपुरमचा सरकारी छापखाना पाहिला आणि परत येऊन केळीच्या खोडाचा नमुना करून सुताराला दाखवला, असं इथे सांगतात. त्यावरून लाकडी यंत्र झालं आणि १८४६ मध्ये छपाई सुरू झाली. बोटाने दाबलं की खड्डा पडतो त्या खोडात! त्यातून यंत्राचा दांडा कसा कोरला असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्याच वर्षी त्यांनी इथे संस्कृत शाळा काढली. त्रिशूरहून वारियर आडनावाचा एक पंडित आणला आणि तळातल्या जातींच्या मुलांनाही घेतलं. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा निघाली १८४८ मध्ये. दोघांना एकमेकांचा पत्ता असणं शक्यच नव्हतं. पुढे चर्चचे अधिकारी झाल्यावर त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक चर्चशेजारी शाळा हवी. मल्याळीत शाळेला 'पळ्ळिक्कूडम' म्हणतात, पळ्ळी म्हणजे चर्च, तेव्हा हा शब्द चावरांमुळेच आला, असं टपरीवाल्याने ठासून सांगितलं. तमिळमध्येही तोच शब्द आहे, त्यामुळे मला ते पटलं नाही. पण मी गप्प चहा प्यालो.

संतपदाचा रस्ता लांबचा. केरळच्याच नन संत अल्फोन्सा यांनी १९३६ मध्ये आपल्या आजारपणात चावरांचं दर्शन झाल्याचं सांगितलं होतं. दोघांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं एकाच दिवशी, ८ फेब्रुवारी १९८६ ला, पोप जॉन पॉल दुसरे कोट्टायमला आले होते तेव्हा. पण संत झाल्या आधी अल्फोन्सा, २००८ मध्ये. चावरांची पाळी २३ नोव्हेंबर २०१४ ला आली, तीही युफ्रेसिया यांच्यासोबत. आणि युफ्रेसिया तर चावरांनीच १८६६ मध्ये कूनम्मावला सुरू केलेल्या भगिनीसंघातल्या! त्या संघाचा पहिला मठ होता बांबूच्या तट्ट्यांचा. रोमला पुरावा म्हणून लागला तो एका मुलीचा तिरळेपणा गेल्याचा चमत्कार. माझ्यासारख्याला तिथे काही म्हणता येत नाही. मुठीचं तेवढं कळतं.

उतरताना आईला फोन केला. आजीचा तो धान्याचा डबा कुठाय, विचारलं.

"आहे की," आई म्हणाली, "त्यात मी रिक्षाची चिल्लर ठेवते. का रे?"

तेवढ्यात कोट्टायमची बस आली. यावेळी मी दोनदा विचारून चढलो.