शारचा झाकू, अपडेट ४ : टॉपकोट पांढरा पडला

झाकू म्हणजे गंडम या जपानी कार्टूनमधला एकडोळ्या लढाऊ रोबो, शार त्याचा पायलट, आणि मी त्याचं प्लास्टिकचं मॉडेल जोडून रंगवतोय. मागचं अपडेट टाकलं तेव्हा झाकू नुसता प्रायमरमधे (रंगाखालच्या अस्तरात) होता. आता रंग झालाय, डेकल (चिकटवायची बारीक चिन्हं) झालेत, आणि परवा मॅट टॉपकोट (सगळ्यात वरचा, चमक घालवणारा थर) मारल्यावर निम्मा झाकू भस्म फासलेल्या बुवासारखा पांढराफटक पडलाय. फोटो काढायचीसुद्धा इच्छा नव्हती, पण चांगलं तेवढंच टाकायचं तर लॉग कशाला ठेवायचा, म्हणून सगळं सांगतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: बंदाई कंपनीचा जुना एचजी (हाय ग्रेड) किट, मूळ रोबोच्या १/१४४ मापाचा, उभा केला की जेमतेम बारा सेंटीमीटर. हा माझा पुरातला झाकू. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदी घरात शिरली (बाहेर रस्त्यावर मगरी निघाल्या होत्या, बडोद्याच्या लोकांना सांगायला नको) तेव्हा खालच्या फळीवर हा होता. डब्याचा लगदा झाला, मॅन्युअल गेलं, स्टिकरचा कागद गेला, पण रनर (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) पिशव्यांत होते त्यामुळे साबणाने धुतले आणि अगाशीवर वाळत घातले, चड्ड्या-बनियनच्या शेजारी. आई म्हणाली, आता हे टाकून दे. टाकतोय कसला.

जून सगळा शिवणी बुजवण्यात गेला. जुन्या एचजीमधे हाताचे दोन अर्धे जोडले की मधोमध रेघ दिसतेच. दोन्ही कडांना सिमेंट जरा जास्तच लावायचं, मिनिटभर थांबून दाबायचं, वितळलेलं प्लास्टिक मण्यांसारखं बाहेर येतं, आणि मग त्याला अजिबात हात लावायचा नाही. मी दुसऱ्याच दिवशी ४०० चा पॉलिशपेपर घेऊन बसलो, रेघ गेली म्हणून खूश झालो आणि आठवड्याने तीच रेघ खळगा होऊन परत आली, कारण आतलं सिमेंट वाळत असताना आकसतं. परत भरलं. या वेळी पाच दिवस थांबलो, मग ६००, मग ८००, मग १००० चा सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा प्रायमर) मारून टॉर्च आडवा धरून बघितलं, तेव्हा कुठे गेली.

मला घरी विचारतात की प्लास्टिक जर रंगीतच येतं तर रंगवायचं कशाला. प्रश्न चुकीचा नाही. जुलै १९८० मधे पहिला गनप्ला (गंडमचं प्लास्टिक मॉडेल) आला, १/१४४ चा आरएक्स-७८-२, म्हणजे मालिकेतला मुख्य गंडम रोबो, किंमत ३०० येन, तो एका रंगाच्या प्लास्टिकमधे होता, गोंदही आपणच लावायचा आणि रंगही आपणच द्यायचा. आता सगळं दाबून बसतं आणि रंगाचं येतं. पण प्लास्टिक ते प्लास्टिकच, उजेड पडला की खेळण्यासारखं चमकतं आणि तुकडा लहान वाटतो. मॅट झालं की तोच तुकडा एकदम जड, लोखंडी दिसायला लागतो. म्हणूनच तर टॉपकोटसाठी एवढा जीव टांगला.

शारचा गुलाबी मात्र वैताग आहे. तिप्पट वेगाने येतो म्हणून शारला लाल धूमकेतू म्हणतात खरं, पण झाकू लाल नाहीच. पांढऱ्यात लाल घातला तर दुधात रोझ सिरप घातल्यासारखं झालं, नारिंगीचे दोन थेंब पडले तेव्हा जरा माणसात आला. आइस्क्रीमचे अकरा चमचे रंगवले टेस्टला, सातव्यावर ठरलं, तरी उरलेले चार कशाला रंगवले माहीत नाही. आणि मिक्स करताना जास्तच करून ठेवा, नंतर हुबेहूब तोच रंग सात जन्मात जमत नाही.

पातळ करण्याचं गणित मला आमच्या दांडिया बाजारातल्या मूर्तिकार काकांनी शिकवलं, व्हिडिओंनी नाही. काकांकडे श्रावणात मूर्त्यांच्या रांगा लागलेल्या असतात, पितांबराला गनने शेड मारतात. मी एअरब्रश (रंग फवारायची पेनासारखी छोटी गन) घेऊन गेलो (०.३ चं नोझल), तर म्हणाले, "अरे हा तर माझ्या गनचा नातू!" मग कपात रंग ढवळला आणि कप तिरका करून दाखवला. कडेवरून खाली आल्यावर मागे दुधासारखा पातळ पडदा राहिला पाहिजे, दह्यासारखा थर नको आणि पाण्यासारखं एकदम स्वच्छ पण नको. त्यानंतर १५-१८ पीएसआय हवेच्या दाबाला रंगाची एकदाही कोळ्याच्या जाळ्यासारखी तार आली नाही. फक्त त्यांचा हार्डवेअरवाला एनसी थिनर मी ब्रश धुण्यापुरताच वापरतो, किटच्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकवर पडला तर प्लास्टिक खातो, एक चमचा त्यात बुडवून बघितलाय, च्युइंगमसारखा झाला.

डोळ्याची पण गंमत. काका मूर्तीची आखणी सगळ्यात शेवटी करतात, तेव्हा दुकानात कोणी बोलत नाही. मी झाकूचं डोकं नेऊन दाखवलं, स्टिकर पुरात गेला होता, डोळा हातानेच काढायचा होता. काकांनी चष्मा वर करून बघितलं. "एकच डोळा? मग तुझं काम निम्मं." पण ब्रश हातात घेतला नाही, म्हणाले तूच काढ. तीन शून्याचा ब्रश, करंगळी टेबलावर टेकवलेली, श्वास सोडून झाल्यावर टेकवायचा, घेताना नाही. खाली चांदीचा ठिपका, वर क्लिअर गुलाबी. दोन मिलिमीटरचा ठिपका, पण वळवला की खरंच आपल्याकडे बघतो.

तर आता परवाचा घोळ. डेकल बसले होते, गणपतीआधी झाकू उभा करायचा असं भाच्याला कबूल करून बसलो होतो. बाहेर झिमझिम चालू, भिंतीवरचं मीटर आर्द्रता ८४ दाखवतंय, काका दोन दिवस आधीच म्हणाले होते, "हवा ओली आहे, घाई करू नको रे." मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही, माहीत असून मारला. टॉपकोटचा लॅकर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, ओल्या हवेतलं पाणी तिथेच धरतं, थरात अडकतं आणि पांढरं धुकं होऊन बसतं. छाती, दोन्ही खांदे, ढाल आणि डावी नडगी गेली. डोकं आणि उजवा पाय वाचले कारण तेवढ्यात कॅन संपला, आयुष्यात पहिल्यांदा कॅन संपल्याचा आनंद झाला.

आधी ढालीवर प्रयोग केला, कारण ढाल बिघडली तर मागून फिरवून लावता येते. रात्रभर एसीच्या खोलीत डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली. काल दुपारी ऊन पडलं, मीटर ६१ वर आलं, तेव्हा एअरब्रशमधे रंग न घालता नुसता रिटार्डरवाला (हळू वाळणारा) थिनर भरून लांबून धुक्यासारखा मारला. थर परत जरासा विरघळतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. पहिल्या हाताला काहीच नाही, दुसऱ्या हाताला डोळ्यासमोर पांढरं उतरत गेलं आणि खालचा गुलाबी वर आला, मी एकटाच गॅलरीत "ए, ए, ए" करत होतो. मॅट जाऊन थोडा सॅटिन झालाय, तो परत मॅट मारून बसेल. एका डेकलची कड मात्र सुरकुतली, म्हणजे छातीवर हात आणखी हलका पाहिजे.

आजची स्थिती: ढाल वाचली, खांदे डब्यात, छाती आणि नडगीला हात लावलेला नाही. आज सकाळपासून परत धो धो, मीटर ८९. भाच्याला फोन करून सांगितलं की शार उशिरा येणार, तो म्हणाला मामा, तो तर तिप्पट वेगाने येतो ना. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोणी डेकलवरून नुसता थिनर मारलाय का? आधी ग्लॉसचा पातळ हात देऊन मग मारावा की सरळ, ते सांगा. ऊन पडेपर्यंत मी थांबलोय, या वेळी खरंच.